अनुदानाच्या अर्जांची निवड प्रत्यक्षात कशी होते

आपला प्रश्न असा आहे : संस्थेचे काम चांगले आहे, हिशेब वेळेवर तपासून घेतलेले आहेत, अर्जातला प्रत्येक रकाना भरलेला आहे, आणि तरीही एका धर्मादाय प्रतिष्ठानाने लागोपाठ दुसऱ्या वर्षी अर्ज नाकारला, तेव्हा अर्ज पोहोचल्यावर त्याचे पुढे काय होते आणि निवड नेमकी कशावरून ठरते? मी बरीच वर्षे अर्जांची छाननी केली आहे आणि निवड समित्यांवर काम केले आहे, त्यामुळे बाहेरून न दिसणारा भाग येथे सविस्तर मांडतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. अनुदान ही झालेल्या चांगल्या कामाची पावती आहे, असे समजून अनेक संस्था अर्ज लिहितात आणि तेथेच त्यांची दिशा चुकते. समिती भूतकाळाचा निकाल देत नसते, ती भविष्याचा अंदाज बांधत असते : एवढी रक्कम, एवढ्या मुदतीत, या संस्थेच्या हाती दिली, तर प्रतिष्ठानाने स्वतःपुढे ठेवलेल्या उद्दिष्टाच्या दिशेने किती पाऊल पडेल? तो अंदाज बांधण्यासाठी तिच्यासमोर फक्त कागद असतात, आणि म्हणून ते कागद एकमेकांना दुजोरा देतात की एकमेकांच्या विरोधात साक्ष देतात, हे पाहणे हाच छाननीचा गाभा ठरतो. पुढे जे लिहीत आहे ते सगळे या एका गोष्टीभोवती आहे.

पहिली चाळणी गुणवत्तेची नसते. नोंदणी, करविषयक दर्जा, लेखापरीक्षण अहवाल, कार्यक्षेत्र, मागितलेली रक्कम आणि मुदत एवढेच तीत पाहिले जाते, आणि ते काम बहुधा एखादा कर्मचारी समोर यादी ठेवून करतो. मात्र याच चाळणीत फार मोठा भाग गळतो. अमेरिकेतील मॅकआर्थर फाउंडेशनने २०१६ मध्ये एकाच प्रस्तावाला १० कोटी डॉलर देण्याची ‘१०० अँड चेंज’ ही स्पर्धा जाहीर केली, तेव्हा आलेल्या १,९०४ प्रस्तावांपैकी केवळ ८०१ प्रस्ताव प्रशासकीय तपासणीतून पार पडून परीक्षकांपर्यंत पोहोचले. निम्म्याहून अधिक प्रस्तावांतली कल्पना चांगली होती की वाईट, हे पाहण्याची वेळच परीक्षकांवर आली नाही. हा काटेकोरपणा नुसत्या कार्यालयीन सवयीतून आलेला नाही. अमेरिकेत १९६९ च्या करसुधारणा कायद्याने खाजगी प्रतिष्ठानांवर कडक बंधने घातली. सार्वजनिक धर्मादाय संस्थेचा दर्जा नसलेल्या संस्थेला पैसे द्यायचे असतील, तर आधी चौकशी करणे, लेखी करार करणे आणि पैसा कसा खर्च झाला याचा अहवाल घेणे ही जबाबदारी प्रतिष्ठानावरच येते, आणि ती पाळली नाही तर कराच्या रूपाने दंड भरावा लागतो. इतर देशांतले नियम वेगळे असले, तरी प्रत्येक ठिकाणी विश्वस्त हे दुसऱ्याच्या पैशाचे राखणदार असतात आणि कायदा त्यांना तसेच वागवतो.

त्यानंतर येतो उद्दिष्टाशी जुळण्याचा प्रश्न, आणि माझ्या पाहण्यात नकाराचे सर्वांत मोठे कारण हेच असते. प्रतिष्ठान ‘शिक्षण’ या क्षेत्राला मदत करते असे वाचून एखादी संस्था शाळेच्या इमारतीसाठी अर्ज करते. प्रत्यक्षात त्या प्रतिष्ठानाच्या विश्वस्तांनी पुढच्या काही वर्षांसाठी लहान मुलांचे वाचन एवढाच विषय निवडलेला असतो आणि बांधकामाला पैसे न देण्याचे धोरण ठरलेले असते. असा अर्ज कितीही उत्तम असला तरी त्याला वाट नसते, आणि तो लिहिण्यात गेलेला वेळ कोणीही परत देऊ शकत नाही. यावर उपाय आहे आणि तो अर्जदाराच्या हातात आहे. प्रतिष्ठानाचे माहितीपत्रक वाचून थांबू नये. त्याने गेल्या काही वर्षांत प्रत्यक्षात कोणाला, कशासाठी आणि किती रक्कम दिली, ती यादी पाहावी. अमेरिकेतील खाजगी प्रतिष्ठानांना फॉर्म ९९०-पीएफ या वार्षिक विवरणपत्रात दिलेल्या अनुदानांची यादी द्यावी लागते आणि ते विवरणपत्र कोणालाही पाहता येते. ब्रिटनमध्ये अनेक प्रतिष्ठाने ‘३६० गिव्हिंग’ या उपक्रमाच्या नमुन्यात आपली अनुदाने स्वतःहून प्रसिद्ध करतात. जाहीर केलेले उद्दिष्ट आणि प्रत्यक्ष दिलेला पैसा यांत अंतर दिसले, तर पैशावर विश्वास ठेवावा. यादीतली बहुतेक अनुदाने आपल्या मागणीच्या दहाव्या हिश्श्याएवढी असतील, किंवा सगळी त्याच त्या जुन्या संस्थांना जात असतील, तर अर्ज करण्यापूर्वीच पुष्कळ काही कळलेले असते.

जुळणारा अर्ज मग बारकाईने वाचला जातो, आणि येथे वाचणारा पहिल्यांदा संस्थेच्या तर्काची साखळी शोधतो. प्रश्न कोणता आहे, तो का निर्माण झाला आहे, आपण काय करणार आहोत, आणि ते केल्याने प्रश्नाच्या मुळाशी नेमके काय बदलेल? १९६९ च्या सुमारास अमेरिकेच्या परदेशी साहाय्य यंत्रणेसाठी ‘लॉजिकल फ्रेमवर्क’ नावाचा तक्ता तयार झाला, आणि १९९० च्या दशकात ‘बदलाचा सिद्धांत’ मांडून दाखवण्याची पद्धत रूढ झाली. दोन्हींचा हेतू हीच साखळी कागदावर उघड करणे हा होता. आज अनेक अर्जांत हे तक्ते सुबक भरलेले असतात, पण साखळीतला जो दुवा सर्वांत कच्चा असतो त्याबद्दल एक अक्षरही नसते. अनुभवी वाचक नेमका तो दुवा शोधतो. ‘प्रशिक्षण दिले की वागणूक बदलेल’, ‘माहिती मिळाली की लोक सेवा घ्यायला येतील’, ‘यंत्र बसवले की ते चालत राहील’ ही गृहीतके इतकी सवयीची झालेली आहेत की ती गृहीतके आहेत हेच लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

आफ्रिकेतील प्लेपंपांचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. मुलांनी खेळण्याचे चक्र फिरवायचे आणि त्या फिरण्याने जमिनीतले पाणी टाकीत चढायचे, ही कल्पना इतकी मोहक होती की २००६ मध्ये अमेरिकी सरकार आणि मोठी प्रतिष्ठाने तिच्यामागे उभी राहिली आणि २०१० पर्यंत असे ४,००० पंप बसवण्याचे लक्ष्य जाहीर झाले. पाणी लागते त्या वेळी मुले खेळायला येतील का, मुले नसताना ते जड चक्र कोण फिरवणार, बिघाड झाला तर सुटे भाग कोठून येणार, आणि तेथे आधीपासून असलेल्या साध्या हातपंपापेक्षा हे चांगले कसे, हे प्रश्न नंतर पुढे आले. अनेक ठिकाणी ते चक्र प्रौढ स्त्रियांनाच फिरवावे लागत होते, आणि ती मोहीम लक्ष्याच्या पुष्कळ आधीच थांबवली गेली. हे चारही प्रश्न अर्जाच्या टप्प्यावर, एका बैठकीत विचारता येण्यासारखे होते. म्हणूनच चांगला छाननीकार सुंदर कल्पनेपुढे अधिक सावध होतो, आणि चांगला अर्जदार ‘हे कोठे फसू शकते आणि तसे झाल्यास आम्ही काय करू’ हे स्वतःहून लिहितो. असे लिहिल्याने अर्ज दुबळा ठरतो ही समजूत चुकीची आहे. ज्या अर्जात एकही धोका नमूद नाही, त्या संस्थेने प्रत्यक्ष कामाचा विचार केलेला नाही असेच मी धरतो.

परिणामांच्या पुराव्याबद्दल फार गैरसमज आहेत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाल्यापासून यादृच्छिक प्रयोगांचे, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून एकाला मदत देऊन व दुसऱ्याला न देऊन फरक मोजणाऱ्या अभ्यासांचे, नाव सर्वत्र ऐकू येते, आणि लहान संस्थांना वाटते की तसा अभ्यास नसेल तर आपली बाजू लंगडी आहे. विचारी प्रतिष्ठान लहान संस्थेकडून अशा प्रयोगाची अपेक्षा ठेवत नाही आणि ठेवूही नये. त्याला हवा असतो तो प्रामाणिक आकडा. २०० जणांची नोंदणी झाली, त्यातल्या १२० जणांनी कार्यक्रम पूर्ण केला आणि ४० जणांच्या आयुष्यात अपेक्षित बदल दिसला, असे लिहिणारी संस्था ‘२०० लाभार्थी’ एवढेच लिहिणाऱ्या संस्थेपेक्षा कितीतरी अधिक विश्वासार्ह वाटते, जरी पहिल्या हिशेबात प्रत्येक परिणामामागचा खर्च नोंदणीमागच्या खर्चाच्या पाचपट दिसत असला तरी. ८० जण मध्येच का सोडून गेले याचे उत्तर ज्या संस्थेपाशी असते, तिला आपले काम खरोखर माहीत असते.

आता अंदाजपत्रकाकडे येतो, कारण अर्जाचा सर्वांत बोलका भाग हाच असतो. मी स्वतः अर्ज वाचताना निवेदनाआधी, म्हणजे कामाच्या शब्दांतल्या वर्णनाआधी, अंदाजपत्रक वाचतो. शब्दांत आशा मांडता येते. आकड्यांत मात्र माणसे, दिवस आणि अंतरे मांडावी लागतात. समजा, निवेदनात लिहिले आहे की संस्था १२ केंद्रे चालवेल आणि प्रत्येक केंद्राला आठवड्यातून दोनदा अनुभवी मार्गदर्शक भेट देईल. म्हणजे आठवड्याला २४ भेटी झाल्या. जाणे-येणे धरून एका भेटीला अर्धा दिवस लागत असेल, तर पाच दिवसांच्या आठवड्यात एका माणसाकडून फार तर १० भेटी होतील, तीही नोंदी, बैठका आणि रजा यांना एक क्षणही न देता. अंदाजपत्रकात मात्र एकाच मार्गदर्शकाचा पगार आहे आणि प्रवासखर्चाचा रकाना पगाराच्या विसाव्या हिश्श्याएवढा आहे. आता या दोन कागदांपैकी एक खरा नाही, आणि कोणता ते वाचणाऱ्याला ठरवता येत नाही. अशा वेळी समितीत कोणी संस्थेवर लबाडीचा आरोप करत नाही. ‘काम पेलेल असे वाटत नाही’ एवढेच टिपण लिहिले जाते आणि अर्ज खाली जातो. अंदाजपत्रक हिशेबनिसाने आणि निवेदन कार्यक्रमप्रमुखाने स्वतंत्रपणे लिहिले, आणि दोघे एका टेबलाशी बसलेच नाहीत, की हे हमखास घडते.

अंदाजपत्रकातला दुसरा नाजूक विषय आस्थापना खर्चाचा. कार्यालयाचे भाडे, हिशेबनीस, लेखापरीक्षण, संगणक, संचालकाचा वेळ हे खर्च कोणत्याही एका प्रकल्पाचे नसतात, पण त्यांच्याशिवाय एकही प्रकल्प चालत नाही. देणगीदारांना हा खर्च कमी आवडतो, म्हणून संस्था तो कमी दाखवतात. कमी दाखवलेला आकडा पाहून देणगीदारांची अपेक्षा आणखी खाली जाते, आणि शेवटी संस्था आतून पोकळ होते. ब्रिजस्पॅन ग्रुप या अमेरिकी सल्लागार संस्थेच्या अभ्यासकांनी २००९ मध्ये या दुष्टचक्राचे नेमके वर्णन केले, आणि त्यानंतर काही ठिकाणी धोरणे हळूहळू बदलली. फोर्ड फाउंडेशनने प्रकल्प-अनुदानांतील अशा खर्चाचे प्रमाण १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेले, आणि पाच वर्षांचा लवचीक निधी देणारा १०० कोटी डॉलरचा ‘बिल्ड’ हा कार्यक्रम सुरू केला. अमेरिकी संघराज्य सरकारनेही, ज्या संस्थांचा अशा खर्चाचा स्वतंत्र दर ठरलेला नाही, त्यांना घेता येणारा दर ऑक्टोबर २०२४ पासून १० टक्क्यांवरून १५ टक्क्यांपर्यंत वाढवला. माझे मत ठाम आहे : आस्थापना खर्च शून्य दाखवणारा अर्ज काटकसरी म्हणून वाचला जाऊ नये, तो अपुरा म्हणून वाचला जावा. तो पैसा कोठून तरी येतच असतो, आणि बहुतेक वेळा तो कर्मचाऱ्यांच्या न दिलेल्या पगारातून आलेला असतो. प्रतिष्ठानाची मर्यादा कमी असेल, तर खरा खर्च लिहून उरलेला भाग कोण भरणार आहे हे सांगावे.

प्रकल्पाचे अंदाजपत्रक पटले तरी संस्थेची आर्थिक प्रकृती वेगळी तपासली जाते. येथे ताळेबंद पाहिला जातो, आणि त्याआधी लेखापरीक्षकाचे शेरे व टिपा. पदाधिकाऱ्यांशी किंवा त्यांच्या नातलगांशी झालेले व्यवहार, थकलेली देणी, अनेक वर्षे न मिटलेल्या उचली हे सगळे त्या टिपांत असते. त्यानंतर एक साधी पण फार उपयोगी तुलना केली जाते. विशिष्ट कामासाठी मिळालेला आणि अजून खर्च न झालेला निधी किती आहे, आणि बँकेत प्रत्यक्ष रोकड व ठेवी मिळून किती आहेत? दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान असेल, तर एका देणगीदाराचा पैसा दुसऱ्याच कामाला वापरला गेला आहे, आणि नवे अनुदान आले की ते जुने भगदाड बुजवण्यात जाईल अशी रास्त भीती निर्माण होते. कोणत्याही अटीविना वापरता येणारा राखीव निधी किती महिने पुरेल, एकाच देणगीदारावर किती भार आहे, आणि मागितलेले अनुदान संस्थेच्या वार्षिक खर्चाच्या मानाने केवढे आहे, हेही पाहिले जाते. एका वर्षात उलाढाल दुप्पट करणारे अनुदान लहान संस्थेला वरदान वाटते. प्रत्यक्षात नेमणुका, हिशेब आणि देखरेख यांचा ताण तिला मोडू शकतो, आणि अनुदान संपले की नेमलेल्या माणसांना घरी पाठवावे लागते. अशा वेळी टप्प्याटप्प्याने वाढणारी कमी रक्कम मागणारी संस्था अधिक समंजस दिसते.

क्षेत्रभेटीबद्दल थोडक्यातच सांगतो. भेटीला येणारा अधिकारी कार्यक्रम पाहायला येत नाही, कागदावरची गोष्ट जागेवर तशीच आहे का हे पाहायला येतो. त्याला स्वागतसमारंभ नको असतो. त्याला हजेरीपट, भेटींच्या नोंदी आणि खर्चाच्या पावत्या एकमेकांशी ताडून पाहायच्या असतात, क्षेत्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांशी संचालकांच्या गैरहजेरीत बोलायचे असते, आणि शक्य झाले तर कार्यक्रम सोडून गेलेल्या एखाद्या व्यक्तीला भेटायचे असते. कार्यकर्त्याने सांगितलेला प्रश्न आणि अर्जात लिहिलेला प्रश्न एकच निघाला, तर त्या भेटीचे काम झाले.

यानंतर अर्ज गुणांकनाकडे जातो. येथे दाखवली जाते त्यापेक्षा कितीतरी कमी खात्री असते, आणि हे अर्जदारांना सांगणे मला आवश्यक वाटते. साधारण पद्धत अशी असते की, प्रश्नाचे महत्त्व, उपायाची सुसंगती, संस्थेची क्षमता, खर्चाची योग्यता, कामाचा टिकाऊपणा असे निकष ठरवून प्रत्येकाला भार दिला जातो आणि दोन किंवा अधिक परीक्षक स्वतंत्रपणे गुण देतात. मॅकआर्थरच्या स्पर्धेत अर्थपूर्ण, पडताळता येण्याजोगे, टिकाऊ आणि व्यवहार्य असे चारच निकष होते, आणि परीक्षकांपैकी कोणी सैल हाताने तर कोणी आखडत्या हाताने गुण देतो हे लक्षात घेऊन गुण संख्याशास्त्रीय रीतीने एका पातळीवर आणले गेले. ही दुरुस्ती महत्त्वाची आहे, पण ती सगळा प्रश्न सोडवत नाही. संशोधन-अनुदानांच्या क्षेत्रात यावर थेट अभ्यास झालेला आहे. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे आलेले १५० प्रस्ताव परीक्षकांच्या दुसऱ्या संचाकडे पाठवले गेले, आणि प्रस्तावाचे भवितव्य जवळपास निम्मे त्याच्या गुणांवर आणि निम्मे तो कोणाच्या हाती पडला यावर अवलंबून असते, असा निष्कर्ष निघाला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात ४३ परीक्षकांनी मिळून आरोग्य-संशोधनाचे २५ अर्ज तपासले, तेव्हा एकाच अर्जाबद्दल त्यांच्यात एकमत असे काही आढळले नाही. सामाजिक कामाच्या अर्जांत पुरावा याहून मोघम असतो. तेथे एकमत जास्त असेल असे मानायला कारण नाही.

म्हणून जबाबदार समित्या काही पथ्ये पाळतात. चर्चेआधी प्रत्येकाने आपले गुण लेखी द्यायचे, म्हणजे ज्येष्ठ किंवा मोठ्या आवाजाच्या सदस्याच्या मताकडे बाकीचे झुकत नाहीत. सरासरीवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही : ज्या अर्जाला एकाने ९ आणि दुसऱ्याने ३ दिले आणि ज्याला दोघांनीही ६ दिले, त्या दोघांची सरासरी सारखीच येते, पण पहिल्या अर्जात कोणाला तरी काही विलक्षण किंवा काही भयंकर दिसलेले आहे आणि त्यावर बोलायलाच हवे. काही निकषांना किमान पातळी ठेवायची, कारण हिशेबातली गंभीर अनियमितता उत्तम कल्पनेच्या गुणांनी भरून निघू शकत नाही. आणि हितसंबंध असलेल्या सदस्याने ते आधीच जाहीर करून त्या अर्जाच्या चर्चेपुरते खोलीबाहेर जायचे. नुसते गप्प बसणे पुरेसे नसते, कारण परिचित सदस्य समोर बसलेला असताना इतरांची जीभही सैल सुटत नाही.

याशिवाय भाषेचा पूर्वग्रह असतो. सफाईदार लिहिलेला अर्ज वाचायला सोपा जातो आणि सोपे वाचन नकळत गुणांत उतरते. व्यावसायिक लेखक नेमणे ज्यांना परवडते त्या मोठ्या संस्थांना याचा लाभ होतो. मी परीक्षकांना नेहमी सुचवतो की, अर्ज वाचून झाल्यावर त्यातला आशय स्वतःच्या चार साध्या वाक्यांत लिहावा आणि मग गुण द्यावेत. सफाईदार अर्जातून कधी कधी चार वाक्येही निघत नाहीत, आणि अडखळत लिहिलेल्या अर्जातून दहा निघतात.

वरचे काही अर्ज निर्विवाद चांगले असतात, खालचे पुष्कळ निर्विवाद अपुरे असतात, आणि मधल्या पट्ट्यात एकाच तोलाचे अर्ज दाटीवाटीने असतात. पैसा बहुधा याच पट्ट्यात संपतो. अशा ठिकाणी दशांशाच्या फरकाने एकाला होय आणि दुसऱ्याला नाही म्हणणे म्हणजे नसलेल्या अचूकतेचा आव आणणे आहे. न्यूझीलंडच्या हेल्थ रिसर्च कौन्सिलने २०१३ पासून आपल्या एका योजनेत पात्र ठरलेल्या प्रस्तावांमधून सोडत काढायला सुरुवात केली. जर्मनीतील फोक्सवागन फाउंडेशन, स्वित्झर्लंडची राष्ट्रीय विज्ञान संस्था आणि ब्रिटिश अकादमी यांनीही पुढे अंशतः सोडतीचा मार्ग वापरला. काही प्रतिष्ठानांनी निर्णयाचा अधिकारच वाटून टाकला. ‘फ्रिडा’ या तरुण स्त्रीवादी गटांसाठीच्या निधीत अर्जदार गटच एकमेकांच्या प्रस्तावांवर मत देतात. अमेरिकी देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांच्या २०२३ च्या खुल्या आवाहनात आलेल्या ६,३५३ अर्जांची पहिली फेरी अर्जदारांनीच एकमेकांचे अर्ज तपासून पार पाडली, आणि २०२४ मध्ये ३६१ संस्थांना मिळून ६४ कोटी डॉलर दिले गेले. मला स्वतःला सोडतीपेक्षा ही दुसरी वाट सामाजिक कामासाठी अधिक योग्य वाटते, कारण क्षेत्रात काम करणाऱ्याला दुसऱ्याच्या अर्जातला कच्चा दुवा कार्यालयात बसलेल्या माणसापेक्षा लवकर दिसतो.

समितीची यादी विश्वस्तांकडे जाते, आणि तेथे आणखी एक विचार होतो जो गुणांत दिसत नाही. विश्वस्त सुटे अर्ज निवडत नाहीत, ते अर्जांचा संच निवडतात. एकाच भागात, एकाच पद्धतीने काम करणाऱ्या चार उत्तम संस्था वर आल्या, तर त्यातल्या दोघींना घेऊन उरलेली जागा अस्पर्शित भागातल्या किंवा धोका पत्करून नवे काही करणाऱ्या संस्थेला देण्याचा निर्णय होऊ शकतो. मागच्या वर्षी दिलेल्या बहुवर्षीय वचनांमुळे या वर्षीचा मोकळा निधी अगदी थोडा असतो, हेही अर्जदाराला दिसत नाही. हे निर्णय योग्य असू शकतात. पण ते निकषांच्या यादीत आधी लिहिलेले असले पाहिजेत, नाहीतर नाकारलेली संस्था आपल्या कामात नसलेला दोष शोधत बसते.

येथे प्रतिष्ठानांच्या बाजूने काम करणाऱ्या वाचकांनाही काही सांगायचे आहे. एका अर्जाला ४० तास लागत असतील, १०० संस्था अर्ज करत असतील आणि पाच निवडल्या जात असतील, तर ९५ संस्थांचे ३,८०० तास काहीही हाती न लागता खर्च होतात, आणि ते तास ज्यांच्या सेवेसाठी प्रतिष्ठान उभे आहे त्यांच्याच वाट्याचे असतात. पहिल्या टप्प्यात दोन पानांचे टिपण मागवावे, बसणार नाही त्याला तेथेच आणि लवकर कळवावे, आणि पूर्ण अर्ज फक्त अशांकडून मागवावा ज्यांना खरी संधी आहे. लहान रकमेसाठी मोठ्या रकमेइतकेच कागद मागणे अन्यायाचे आहे. २०२० च्या महासाथीत शेकडो प्रतिष्ठानांनी अटी सैल करण्याचे आणि अहवाल कमी करण्याचे जाहीर वचन दिले. ते संकटकाळात करता आले, तर एरवीही करता येते.

शेवटी आपल्या नकारपत्राविषयी. ‘अर्जांची संख्या मोठी असल्याने’ या वाक्याने भरलेल्या पत्रातून काहीच कळत नाही, म्हणून निकालानंतर काही आठवड्यांनी कार्यक्रम अधिकाऱ्याकडे छोटा, नेमका प्रश्न पाठवावा : आमचा अर्ज कोणत्या टप्प्यावर थांबला? ‘का नाकारला’ असे विचारले की समोरचा बचावाच्या पवित्र्यात जातो. टप्पा विचारला तर बहुतेक जण उत्तर देतात, आणि पुढचे सगळे त्यावरून ठरते. पात्रतेच्या टप्प्यावर थांबला असेल, तर एखादा कागद दुरुस्त करून पुढच्या फेरीत जाता येईल. उद्दिष्टाशी न जुळल्याने थांबला असेल, तर त्या प्रतिष्ठानाचा नाद सोडावा आणि दिलेल्या अनुदानांच्या याद्या पाहून दुसरे शोधावे. त्यांच्या उद्दिष्टात बसावे म्हणून आपले काम वाकवू नये. समितीच्या चर्चेपर्यंत पोहोचून मधल्या पट्ट्यात राहिला असेल, तर तोच अर्ज, नवे आकडे घालून आणि अंदाजपत्रक निवेदनाशी ओळीओळीने ताडून, निःसंकोच पुन्हा पाठवावा. विश्वस्तांनी संच ठरवताना बाजूला ठेवला असेल, तर अधिकाऱ्याला पुढच्या फेरीचा विषय विचारावा आणि वर्षभरात एकदा, काहीही न मागता, कामाची दोन पानांची माहिती पाठवावी. आपला अर्ज दोनदा नाकारला गेला आहे. दोन्ही वेळा तो एकाच टप्प्यावर थांबला का, हे सर्वांत आधी विचारून घ्यावे.